ए.बी. म्हणजे अहिल्याबाई? आत्या, जरा थांब!

सकाळी पोह्यांवर शेव भुरभुरत होतो, तेवढ्यात आत्याचा मेसेज. खाली सहा हात जोडलेले. मजकूर असा: आपल्या ए.बी. रोडचं खरं नाव 'अहिल्याबाई रोड'. मोगलांच्या काळापासून इंदूरवरून जाणारी ही वाट बाईंनी आग्र्यापासून मुंबईपर्यंत पक्की केली आणि 1796 साली इंग्रजांनी मत्सरापोटी तिचं 'आग्रा-बॉम्बे' करून टाकलं. खऱ्या इंदूरकराने पुढे पाठवा.

एरवी सोडून दिलं असतं. पण आत्या अहिल्योत्सवाला महिला मंडळात बोलणार आहे आणि हे तिने वहीत उतरवूनही घेतलंय.

आधी ते 1796. बाई गेल्या 13 ऑगस्ट 1795 ला. त्यानंतर वर्षभरात इंदुरात इंग्रजांना विचारत कोण होतं? होळकर इंग्रजांकडून हरले ती महिदपूरची लढाई डिसेंबर 1817 ची, मंदसौरचा तह जानेवारी 1818 चा. महूची लष्करी छावणी आणि इंदूरची रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज वकिलाची कचेरी, त्यानंतरच्या. आग्रा तर तेव्हा शिंद्यांकडे होता, इंग्रज सेनापती लेक याने तो घेतला 1803 मध्ये. म्हणजे रस्त्याचं एक टोक हातात नाही, मधल्या इंदुरात पाय नाही, आणि साहेब नावाच्या पाट्या बदलत फिरतोय!

आता ते 'ए.बी.'. मला खरा राग याचाच आला. बाईंचा कारभार महेश्वरहून चालायचा, दफ्तर सगळं मोडी लिपीत. त्यात कुणा कारकुनाने इंग्रजी आद्याक्षरं जुळवून रस्त्याचं बारसं केलं? बरं, हाच रस्ता देवासला ए.बी. रोड, शिवपुरीला ए.बी. रोड, ग्वाल्हेरलाही ए.बी. रोड. शिंद्यांनी आपल्या राजधानीतल्या रस्त्याला होळकरांच्या बाईंचं नाव मुकाट्याने लावून घेतलं म्हणायचं! शिंदे-होळकरांचं सख्य ज्याला ठाऊक आहे, त्याने हे वाचताना चहा बाजूला ठेवावा. दुसऱ्या टोकाला मुंबईत जा. कुर्ल्याहून मुलुंडकडे जाणारा आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग जुन्या लोकांच्या तोंडी 'आग्रा रोड'च. नाशिककर 'मुंबई-आग्रा' म्हणतात. त्यांच्या नावातून बाई कशा शोधायच्या?

मोगलांची वाटही इंदूरवरून नव्हती. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून आग्र्याला गेला, ती वाट त्याने लिहून ठेवलीय: बुऱ्हाणपूर, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर. इंदूर खूप पश्चिमेला राहतं. इंदूरवरून आग्रा-मुंबई असा सलग पक्का रस्ता झाला तो कंपनीच्या अमलात. फौज हलवायला, डाक न्यायला, माळव्याचा माल मुंबईला पोचवायला. आणि त्या मालात अफू होती. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर मीच चार ठिकाणी पाठवलं असतं.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. वाटसरूंसाठी बाईंनी विहिरी, धर्मशाळा, घाट बांधले, हे खरंच आहे. आणि बाईंची वाट बघायचीच असेल तर महूवरून महेश्वरकडे निघा. माळवा संपतो तिथे, ऐन कड्यावर, 1791 चा जाम दरवाजा उभा आहे. या बाजूला पठार, कमानीपलीकडे एकदम खाली निमाड. गेल्या पावसाळ्यात आत्याला घेऊन गेलो होतो. धुक्यात समोरचं काही दिसेना, तर ती दगडी पायरीवर बसून लिंबू-मीठ चोळलेला भुट्टा खात राहिली. दरवाजा बाईंचा, हे तेव्हा मी तिला दोनदा सांगितलं होतं.

हे सगळं फोनवर ऐकवलं. आत्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "बरं, भाषणात जाम दरवाजाच सांगते. पण तो मेसेज मी तीन ग्रुपांवर टाकलाय, तो परत कसा घ्यायचा ते आधी शिकव."