लिंबू-आलं-लसणाच्या काढ्याने ब्लॉकेज उघडत नाही

लिंबू, आलं, लसूण यांचा रस आणि सफरचंदाचं व्हिनेगर प्रत्येकी एक कप घ्या, मंद आचेवर अर्धा तास आटवून 3 कप करा, तेवढाच मध घाला, रोज अनशापोटी एक मोठा चमचा घ्या. हृदयाच्या धमनीतलं ब्लॉकेज उघडेल, बायपास टळेल. हा फॉरवर्ड आता स्टेंट बसवलेल्या माझ्या मामांपर्यंत पोचलाय, सोबत पाठवणाऱ्याची मल्लिनाथी: ‘मग गोळ्या कशाला?’

आधी तेच. स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी. तिच्यावर पेशींचं अस्तर चढेपर्यंत प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) तिथे गुठळी धरू पाहतात, म्हणून ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर देतात, बहुधा 6 ते 12 महिने. मनाने गोळ्या बंद केल्या तर गुठळी होऊन स्टेंट अचानक बंद पडू शकतो, म्हणजे थेट हार्ट अटॅक. हा सल्ला जीवघेणा आहे. गोळ्या चालू ठेवून वर लसणाचा रस ढोसणंही नको: लसूणही प्लेटलेट्स मंदावतो, रक्तस्रावाचा धोका वाढतो. वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

‘काढा ब्लॉकेज विरघळवतो.’ कसा? ब्लॉकेज नळातल्या गाळासारखं आत साचलेलं नसतं. ते धमनीच्या भिंतीत, अस्तराखाली असतं: कोलेस्टेरॉल, तंतू, कॅल्शियम. लिंबू-व्हिनेगरचं आम्ल तिथवर पोचतच नाही. रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप) शरीर 7.35 ते 7.45 मध्येच राखतं.

लसणात काहीच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. ठेचल्यावर ॲलिसिन तयार होतं, त्यापासून गंधकाची संयुगं बनतात. तांबड्या पेशी त्यांतून हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि धमनीचा स्नायू सैलावतो. बीपी जास्त असलेल्यांचं थोडं उतरतं, हे चाचण्यांत दिसलंय. पण स्नायू सैलावणं वेगळं, भिंतीतला थर जाणं वेगळं. शिवाय ॲलिसिन उष्णतेत टिकत नाही आणि इथे तर रस अर्धा तास उकळायला सांगितलाय!

कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2007 मध्ये 192 जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली. 6 महिने, आठवड्यातून 6 दिवस, रोज एका पाकळीएवढा लसूण, कच्चा किंवा गोळीतून. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, हललं नाही.

मधाचं थोडक्यात: चमचाभर काढ्यात साधारण 8 ग्रॅम साखर जाते. मधुमेहींनी ती हिशेबात धरावी.

फोडणीत, चटणीत लसूण खुशाल खा. काढा आधीच सुरू केला असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी चुकवू नका. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम असं झालं तर चमचा शोधत बसू नका, 108 लावा.