अॅनाकोंडाच्या मैदानाखालचं विष काढलेलं नाही, झाकलेलं आहे

‘अमेरिकेत तांब्याच्या भट्टीची विषारी जमीन पूर्ण शुद्ध करून तिथं गोल्फचं मैदान केलं’ असा मेसेज फोटोसह फिरतो आहे. फोटोतली जागा खरी आहे: माँटाना राज्यातलं अॅनाकोंडा. ‘पूर्ण शुद्ध’ हे मात्र चूक.

शेजारच्या ब्यूटच्या खाणींतलं तांब्याचं खनिज इथं वितळवलं जाई. १९८० मध्ये भट्टी बंद झाली आणि १९८३ मध्ये हा परिसर सरकारच्या सुपरफंड यादीत, म्हणजे साफ करायच्या अतिदूषित जागांच्या यादीत, गेला. मातीत आर्सेनिक, शिसं, कॅडमियम होतं. ही मूलद्रव्यं आहेत, ती कुजून किंवा जळून नाहीशी होत नाहीत. आणि इतका कचरा उचलून न्यायचा तरी कुठे? म्हणून जुन्या भट्ट्यांच्या जागेवरचा बराचसा कचरा तिथंच ठेवून वर स्वच्छ मातीचा थर दिला. त्यावर नामवंत गोल्फपटू जॅक निकलस यांनी आखलेलं मैदान १९९७ मध्ये सुरू झालं. तिथल्या बंकरांत, म्हणजे खेळात अडथळा म्हणून ठेवलेल्या वाळूच्या खड्ड्यांत, पांढऱ्या वाळूऐवजी भट्टीची काळी धातुमळी (स्लॅग) आहे!

काम चांगलंच झालं, पण तो थर कायम सांभाळावा लागतो. शिवाय जमीन तपासतात ती पुढच्या वापराच्या हिशेबानं. चार तास खेळायला चालणारी जागा घरासाठी, परसातल्या भाजीसाठी चालेलच असं नाही. जवळच्या मिल क्रीकमध्ये मुलांच्या शरीरात आर्सेनिक आढळलं, तेव्हा अख्खी वस्ती हलवावी लागली होती. मेसेज पुढे पाठवताना एवढं तरी सोबत जोडा.