पोराला फुटबॉलला घालताय? आधी स्वतः वॉर्मअप करा

तर तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं पोरगं आहे, ते पार्किंगमधे बॉल लाथाडत असतं, आत्तापर्यंत दोन गाड्यांचे आरसे आणि तळमजल्यावरच्या काकूंची तुळस गेलीये, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या फ्लॅट नंबरसकट मेसेज पडलाय. अभिनंदन. आता फुटबॉलची बॅच लावायची वेळ आली. फी भरताना फॉर्मवर नाव पोराचं लिहायचं, पण ॲडमिशन तुमचीच आहे हे घरात दोघांनी आधीच समजून घ्या, म्हणजे पुढे भांडणं कमी होतात.

टर्फच्या गेटजवळ प्लॅस्टिकच्या टेबलामागे एक ट्रॅकसूटवाला मुलगा बसलेला असतो, तो विचारतो, "सर, रिक्रिएशनल का कॉम्पिटिटिव्ह?" घाई करू नका. रिक्रिएशनल म्हणजे आठवड्यातून दोन-तीन दिवस तासभर, ट्रायलबियल काही नाही, येईल तो खेळतो, गोलकीपर पाळीपाळीने, शेवटच्या मॅचमधे सगळ्यांना साधारण सारखा वेळ, फी एकदा भरली की तीन महिने कुणी छळत नाही. कॉम्पिटिटिव्ह म्हणजे आधी ट्रायल, मग आठवड्याला चार-पाच दिवस, वर शनिवार-रविवार लीग, लीगची फी वेगळी, किटचे वेगळे, गोव्याला किंवा मुंबईला स्पर्धा असली की एन्ट्री फी वेगळी आणि पोरासोबत आई-बाबा-आजी यांचं हॉटेल वेगळं, आणि एवढं करून पोराला मैदानात किती मिनिटं मिळणार ते कोच ठरवणार. म्हणजे पहिल्यात कमी पैशात जास्त खेळायला मिळतं. साहजिकच तुम्ही दुसरं घ्यायचं.

कारण लग्नात बुफेच्या रांगेत साडू विचारतो ना, काय करतो मग चिरंजीव, तेव्हा "खेळायला जातो" हे काय उत्तर झालं? खेळायला तर सगळीच जातात. "एलिट स्क्वॉडमधे आहे" म्हणलं की साडूची प्लेट जागेवर थांबते. फी त्या एका सेकंदाची आहे, फुटबॉल वर फुकट मिळतो.

आता ट्रायल. खरं सांगायचं तर तयारीला तुम्ही सात-आठ वर्षं उशीर केलाय. वयोगट जन्मसालावर ठरतात, मोजायला सुरुवात 1 जानेवारीपासून. म्हणजे 2 जानेवारीचं पोरगं आणि त्याच साली 28 डिसेंबरला झालेलं पोरगं दोघं एकाच अंडर-9 मधे. त्या वयात वर्षभराचा फरक म्हणजे एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर कोपर टेकवून उभा राहू शकतो. कोच साहजिकच मोठी दिसणारी पोरं उचलतो, मग त्यांना जास्त प्रॅक्टिस, जास्त मॅचेस, मग ती खरंच चांगली खेळायला लागतात आणि मग सगळे म्हणतात, बघा सरांनी कसं बरोब्बर ओळखलं. याला रिलेटिव्ह एज इफेक्ट म्हणतात, जगभर यावर अभ्यास झालेत, फुटबॉलमधे तर ढिगाने. आमच्याकडे सीझर होतं, तारीख निवडायची मुभा होती, गुरुजींना विचारलं, त्यांनी नोव्हेंबरातली चतुर्थी काढून दिली. ग्रह सगळे उच्चीचे, फक्त उंची राहिली.

ट्रायलला पन्नासेक पोरं, टीम ओळखायला जर्सीवर पिवळे आणि भगवे बिब, वीस मिनिटं, कागद घेतलेला एक असिस्टंट. निकाल रात्री व्हॉट्सॲपवर येतो. घाबरू नका, नापास कुणालाच करत नाहीत. एलिट, प्रीमियर, ॲडव्हान्स्ड, डेव्हलपमेंट अशा पायऱ्या असतात, आणि डेव्हलपमेंट म्हणजे ब टीम, पण ब म्हणलं तर आपण पैसे भरणार नाही म्हणून डेव्हलपमेंट. आमचा त्यात आला. बायकोने स्टेटसला टाकलं, तिला कुठे माहिती.

सामानाचं ऐका. आठ वर्षांच्या आत 3 नंबरचा बॉल, आठ ते बारा 4 नंबर, पुढे 5. तुम्ही 5 च घ्या, वाढत्या अंगाचा. बूटही दोन साईज मोठे घ्या आणि पुढे मोजा कोंबा, शाळेचा युनिफॉर्म आपण असाच घेतला होता ना, काय बिघडलं. आणि टर्फ म्हणजे नुसतं हिरवं कार्पेट असं समजू नका, त्यात रबराचे काळे दाणे भरलेले असतात. ते बुटात येतात, मोज्यात येतात, कानात येतात, गाडीच्या मॅटवर, वॉशिंग मशीनच्या फिल्टरमधे, आणि एकदा तर मला पोह्यात मोहरी म्हणून चावताना सापडला. आईला सांगितलं नाही, तिने फोडणीवर घेतलं असतं.

वेळेचं गणित सोपंय. बॅच साडेपाचची, तुम्ही कोथरूडला, टर्फ बालेवाडीला. चार वाजता निघायचं, चांदणी चौकात ऑफिसचा कॉल म्यूटवर घ्यायचा, पोराने मागच्या सीटवर स्टॉकिंग्ज चढवायची आणि बाकरवडी खायची. कुणी विचारलंच की बालेवाडीच का, तर सांगायचं 1994 च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं क्रीडासंकुल आहे तिथे, 2008 ला कॉमनवेल्थ यूथ गेम्स झाले, वातावरणच वेगळंय. आपलं टर्फ तिथून दोन किलोमीटर लांब एका बँक्वेट हॉलच्या मागे आहे हा तपशील गौण.

मॅचच्या दिवशी तुमचं खरं काम सुरू होतं. लहान गटांना 5-5 किंवा 7-7 खेळवतात कारण मैदान छोटं, पोरं कमी, म्हणून प्रत्येकाच्या पायाला बॉल जास्त वेळा लागतो. हे कोचने पालकसभेत सांगितलं तेव्हा एका बाबांनी विचारलं की मग फी 11 जणांची का घेता. मला तो प्रश्न अजूनही पटतो. असो. रेषेबाहेर उभं राहायचं आणि एका श्वासात ओरडायचं, पुढे जा, मागे ये, पास दे, तूच मार, अरे बघतोस काय. पोरगं खरंच आपल्याकडे बघतं आणि तेवढ्यात बॉल जातो, की लगेच म्हणायचं, लक्ष कुठे असतं याचं. रेफरी बहुतेक कॉलेजातला पोरगा असतो, त्याला ऑफसाईडवरून झापा. आपल्या गटात ऑफसाईड धरत नाहीत हे तो नम्रपणे सांगेल, तेव्हा पुन्हा झापा, नियम कळत नाहीत म्हणून.

नॉर्वेत म्हणे 11 वर्षांच्या आतल्या पोरांच्या स्पर्धांची क्रमवारीच लावत नाहीत. टेबल नाही, पहिला नंबर नाही. अशानं काय होणार त्या देशाचं? गोलांचा पाऊस पाडणारा हालांड एक झाला, ठीक आहे, चुकून होतो. आपल्याकडे अंडर-9 ला सोळा टीम असतील तर चॅम्पियन, रनरअप, बेस्ट गोलकीपर, बेस्ट डिफेंडर, फेअर प्ले, उगवता तारा, आणि उरलेल्यांना गळ्यात मेडल, आणि तरी पार्किंगमधे दोन आया एकमेकींशी बोलत नसतात.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय. कोचला नका विचारू, तो "पाथवे" म्हणतो. रस्ता मी सांगतो. 2007 ला पुणे एफसी नावाची टीम आली, आय-लीग ही देशपातळीची लीग खेळली, गेली. 2014 ला एफसी पुणे सिटी आली, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग खेळली, 2019 ला बंद झाली आणि लीगमधली तिची जागा हैदराबादने घेतली. इंजिनिअर पुण्यातून हैदराबादला जातात तशी टीम गेली, पॅकेज चांगलं असेल. आपलं पोरगं अठराचं होईपर्यंत तिसरी येईलच. तोवर शाळेकडून सुब्रतो कप आहे, शाळांची फुटबॉल स्पर्धा, 1960 पासून चालू आहे, जिल्ह्यापासून खेळत खेळत शेवट राष्ट्रीय पातळीला, तिथवर गेलं तर मात्र खरंच कौतुक, यात टोमणा नाही. आणि काहीच नाही जमलं तरी बोर्डाचे क्रीडा गुण आहेतच की. माझ्या वडिलांनी या सगळ्या धडपडीतलं तेवढं एकच ऐकलं आणि म्हणाले, "मग कॅरम लाव, फी कमी पडेल."

शेवटचा सल्ला बेंचबद्दल, कारण त्याची फी सगळ्यात जास्त बसते. परवाच्या रविवारी आमची सकाळी सातची मॅच, घरातून पावणेसहाला निघालो, अंधार, थंडी, पोरगं जर्सीवर स्वेटर घालून झोपलेलं. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ. पहिल्या हाफमधे तो नाही. दुसरा सुरू झाला, तरी नाही. मी मनात आकडेमोड करत होतो, लीगची फी भागिले मिनिटं, आणि भाजक शून्य येत होता. शेजारचे बाबा म्हणाले जाऊन बोला सरांशी, पैसे भरलेत आपण. पालकांनी बेंचकडे जायचं नाही असा नियम ग्रुपवर पिन केलेला आहे, म्हणून मी मोबाईलवर बोलतोय असं दाखवत जाळीच्या कडेकडेने गेलो.

चिरंजीव बेंचवर नव्हतेच. बेंचच्या मागे उकिडवे बसले होते, सोबत समोरच्या टीमचा एक सब, त्यालाही कुणी खेळवत नव्हतं. दोघांनी टर्फच्या कडेला साठलेले काळे दाणे हातांनी ओढून ओढून चांगला वीतभर ढीग केला होता, त्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण, नडगीला बांधायचा शिनपॅड उभा करून तटबंदी, बुटाच्या लेसचा चढणीचा रस्ता. दिवाळीत करतात तसा किल्ला. समोरचा म्हणत होता दरवाजा इथे नको, तोफ सरळ लागेल.

तेवढ्यात कोचने हाक मारली, चार मिनिटं राहिलीयेत, चल चल, वॉर्मअप कर, राईट बॅक जायचंय. माझ्या पोटात गोळा आला, चार तर चार.

त्याने मान वर न करता सांगितलं, "सर, दुसऱ्या कुणाला पाठवा ना. बुरूज राहिलाय."