गच्चीवर जळालेल्या टोमॅटोच्या रोपांबद्दल ताईंना आमचं उत्तर

ताई, नमस्कार. आमच्या रोपवाटिकेतून नेलेली तुमची रोपं गेली याचं आम्हालाही वाईट वाटलं. पहिल्यांदाच बाग करायला घेतली की माणूस सकाळ-संध्याकाळ त्या कुंड्यांपाशीच असतो, हे आम्हाला माहीत आहे. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, "मर लागलेली रोपं गळ्यात मारली, दोन दिवसांत सगळी गेली, कोणी काही सांगितलं नाही, शुद्ध फसवणूक." त्यावर गप्प बसता येत नाही. नारायणगाव भागात एखाद्या रोपवाटिकेत मर, म्हणजे कोवळी रोपं कोलमडून मरण्याचा रोग आहे अशी नुसती कुजबुज झाली, तरी शेतकरी बुकिंग दुसरीकडे नेतो. आमचं घर याच रोपांवर चालतं.

तुम्हीच टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. मर लागली की रोप मातीलगत बारीक आणि तपकिरी पडतं, पाण्यात भिजल्यासारखं मऊ होतं आणि तिथूनच आडवं होतं. तुमच्या टोमॅटोचं बूड शाबूत आहे. पांढरी, कागदासारखी झाली आहेत ती वरची पानं, आणि तीसुद्धा जिथे थेट ऊन लागलं तेवढीच. वरच्या पानाची सावली ज्या खालच्या पानावर पडली, ते अजून हिरवं आहे. टाकीच्या आडोशाला ठेवलेली ढोबळी मिरची तर चांगली टवटवीत दिसते. तीही आमचीच, त्याच दिवशी नेलेली. रोग सावली बघून थांबत नाही, ताई. हे उन्हाने भाजणं आहे.

आमची रोपं शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या जाळीखाली, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमध्ये वाढतात. तिथे ऊन निम्म्यावर येतं, वारा जवळजवळ नसतो. त्यामुळे पान लुसलुशीत राहतं, त्याच्यावरचा मेणाचा थर पातळ असतो, खोडही कोवळं असतं. अशा रोपाला बाहेरची सवय व्हायला सात ते दहा दिवस लागतात. पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास, मग परत सावली. रोज थोडं थोडं वाढवायचं, दुपारचं ऊन सगळ्यात शेवटी. वाराही लागू द्यायचा, हलून हलूनच खोड जाड होतं. पाणी थोडं हात राखून द्यायचं, पण मुळं सुकू द्यायची नाहीत. त्या दिवसांत युरिया अजिबात नको, पान आणखी कोवळं होतं. आणि मग कुंडीत लावायचं ते ऊन उतरल्यावर, संध्याकाळी. एप्रिलच्या दुपारी गच्चीचा स्लॅब खालून तापतो, काळी प्लास्टिकची कुंडीही तापते. एवढ्याशा मुळांना ते सोसत नाही. तुम्ही शनिवारी रोपं नेलीत आणि तुमच्याच लिहिण्याप्रमाणे रविवारी अकरा वाजता गच्चीवर लावलीत.

आता "कोणी काही सांगितलं नाही" याबद्दल. हे वाक्य सगळ्यात जास्त लागलं. शेतकऱ्याची बुकिंगची रोपं आम्ही द्यायच्या आधी आठवडाभर नेटबाहेर काढून काटक करतो. तुम्ही मागितलेला टोमॅटो अजून आतच होता. मी म्हणालो होतो, "आठवड्याने न्या." तुम्ही म्हणालात, "आता पुण्याला निघालोय, परत कधी येणं होणार?" म्हणून दिली. पिशवी हातात देताना आमच्या मंडळींनी सांगितलं, आठवडाभर सावलीत ठेवा, हळूहळू ऊन दाखवा. तुमचा फोन चालू होता, तुम्ही मान हलवलीत. ऐकू गेलं नसेल, मी दोष देत नाही. पण सांगितलं होतं. माझी बायको पहाटेपासून ट्रे भरते, तिने तुमचं लिहिलेलं वाचलं आणि दिवसभर बोलली नाही.

पाच रुपयांना एक रोप ही लूट आहे, असंही लिहिलंत. संकरित बियाणं, कोकोपीट, मजुरी, टोमॅटोला तीन-चार आठवडे आणि ढोबळीला पाच-सहा आठवडे सांभाळ, एवढं त्यात आहे.

सुट्या गिऱ्हाइकांसाठी छापील चिठ्ठी वगैरे करायचं मनात आहे, सीझन संपला की बघतो.

राहिलेली रोपं मात्र उपटू नका. ज्याचा शेंडा हिरवा आहे ते सावलीत ठेवा, भाजलेली पानं लगेच तोडू नका, नवी पालवी फुटू द्या. शेंडाच जळाला असेल, तर तेवढी रोपं आमच्याकडून परत घ्या, पैसे नकोत. यावेळी आधी फोन करा, म्हणजे तुमचा ट्रे आठवडाभर आधी नेटबाहेर काढून ठेवतो. आणि जमलं तर तो "फसवणूक" शब्द तेवढा काढा, ही विनंती.