टक्

पखवाजावर जोरदार थाप पडली की आमचा अँप्लिफायर टक् करून मान टाकतो. परवा चौथ्यांदा टाकली, तेव्हा तडक दुकान गाठलं. याच दुकानातल्या याच पोराने दीड महिन्यापूर्वी १ लाख १० हजारांचे स्पीकर माझ्या गळ्यात मारले होते. "घरचा अँप्लिफायर चालेल ना?" विचारलं, तर म्हणाला होता, "पळेल, सर!"

आता तोच म्हणतो, "सर, हे स्पीकर ४ ओहमचे, म्हणजे विजेला अडवतात कमी. तुमचा अँप्लिफायर ८ ला बरा. ४ ला करंट जास्त जातो, तापतो, मग जीव वाचवायला बंद होतो."

म्हणजे ठाऊक होतं गुलामाला!

"हा १०० वॅटचा घ्या. ९० हजार."

माझा ५० चा. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचा तर दहापट वॅट हवेत. हे मी जरा मोठ्याने सुनावलं आणि सोफ्यावरचे आजोबा जागे झाले.

आजोबा रिमोट दुरुस्तीला आले होते. मांडीवर पिशवी, पिशवीतून शेपू डोकावत होता.

"काय ऐकणार एवढ्याचं?"

"भीमसेनांचे अभंग."

"ते रेडिओवर फुकट लागायचे."

"हो, पण त्यात तानपुरा वेगळा कळत नाही."

"तानपुरा ऐकायचाय?" आजोबा पोराकडे वळले. "मग यांना नुसता तानपुराच दे की बाबा. स्वस्तात भागेल."

पोरगं खिदळलं.

"आणि बंद कधी पडतो म्हणालात?"

"आवाज वाढवला की."

"मग वाढवता कशाला?"

यावर काय बोलणार? आमच्या घरातही हा प्रश्न अकरा वर्षं विचारला जातोय.

मी मोर्चा खोक्याकडे वळवला. माझ्या अँप्लिफायरच्या खोक्यावर '५० वॅट' ठसठशीत आणि खाली मुंगीच्या अक्षरांत: ८ ओहमला, एकच चॅनल चालू असताना, आवाजात १० टक्के विकृतीसह. एकच चॅनल! स्टिरिओ घेणारा माणूस काय एका कानाने ऐकतो? दूधवाल्याने पिशवीवर 'एक लिटर (पातेलं तिरकं धरल्यास)' छापलं तर आपण त्याला सोडू का? स्पीकरवरचे ते ४ ओहमही नावालाच. खर्जात ते ३ पर्यंत उतरतात. सगळे मिळून आपल्याला मामा बनवतात आणि वर पावतीवर धन्यवाद छापतात.

"सर, खरं सांगू?" पोरगं अगदी मायेने म्हणालं. "तुमच्या वयाला एवढा फरक कळणारही नाही."

मी ५३ वर्षांचा आहे. वयानुसार बारीक, वरचे आवाज कानातून जातात, मान्य. पण हे दीड महिन्यापूर्वी, कार्ड घासायच्या आधी सांगायला काय झालं होतं?

आजोबांच्या रिमोटमध्ये सेल उलटे घातलेले निघाले. त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत.

सध्या पखवाज रंगात येणार असं वाटलं की मी आधीच उठून आवाज कमी करतो. आजोबांचं ऐकलं म्हणून नव्हे, ९० हजार नाहीत म्हणून.