नवा घाणा

मी वडापावच्या गाडीशी पोचायला आणि शेवटचा गरम वडा दुसऱ्याच्या पावात जायला कायम एकच गाठ पडते. परातीत उरलेले असतात ते तेल पिऊन सुस्तावलेले दोन-तीन. "गार आहेत, देऊ?" गाडीवाला इतक्या निरिच्छपणे विचारतो की हो म्हणवतच नाही. "मग थांबा दोन मिनिटं. नवा घाणा टाकतोय." शेजारचे एक काका मात्र तेच गार वडे मुकाट्याने घेतात. मनातल्या मनात मला त्यांची कीव येते.

वडापाव हा मुळात घाईतल्या माणसाचा पदार्थ. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी पावात वडा घालून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. ताट नको, चमचा नको, बसायला जागा नको. गिरणीकामगाराने पाळीला जाता जाता खावा. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावले, तेव्हा कित्येक कामगारांनी स्वतःच गाड्या टाकल्या. एवढा घाईचा इतिहास, आणि मी इथे खांबासारखा उभा! बटाटा, मिरची, पाव ही तिन्ही मंडळी पोर्तुगीजांबरोबर सातासमुद्रापलीकडून येऊन पोचली, पण हाताच्या अंतरावरची कढई काही मला पावत नाही.

अखेर पिवळे गोळे बेसनात बुडून तेलात पडतात. बुडबुडे उठतात, झारा फिरतो, सगळ्यांच्या माना एकदम पुढे येतात. इथे रांग नसते, कोंडाळं असतं, आणि कोंडाळ्यात ज्याचा आवाज मोठा त्याचा वडा. नेमका तेव्हाच मागून आवाज येतो, "पंचवीस पार्सल! सुकी चटणी वेगळी!" ऑफिसात वाढदिवस असेल, तर केक खा ना. पण नाही. अख्खा घाणा कागदात बांधला जातो. त्यात या गृहस्थांकडे सुटे पैसे नसतात, मोबाइलला रेंज नसते.

पुढच्या घाण्यात एकदाचा माझा नंबर लागतो. लसणाची लाल चटणी, थोडा चुरा, मिठातली मिरची. लोकल फलाटाला लागलेली असते, म्हणून घाईघाईने मोठा घास घेतो आणि तोंड उघडं टाकून हा-हू करत तिथल्या तिथे नाचू लागतो. काका एव्हाना खाऊन, वर कटिंग पिऊन, रुमालाने मिशा पुसत असतात.

"इतकं गरम खाऊ नये हो," ते मायेने म्हणतात, "पोट बिघडतं."