काच हातात धरली आहे का, असं विचारणाऱ्या वाचकास

रोमन अत्तरकुप्यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "या अश्रुकुप्या आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सप्तरंगी झाक रोमन कारागिरांनी दिलेली नव्हे. अत्तराला अलाबास्टर दगडाची कुपी उत्तम, हे रोमन लेखक प्लिनीचं मत गाळलंत. काच कधी हातात तरी धरली आहे का?"

झाकेचं मान्य. जमिनीतल्या ओलीने शतकानुशतकं काचेचे पापुद्रे सुटतात, त्याची ती चमक. माझं चुकलं, लेख दुरुस्त केला. चूक कबूल करायला मला जड जात नाही. आपलं आपण बघा.

आता शेवटचं वाक्य. असं कुणी घरी येऊन तोंडावर विचारेल का हो? माझे आजोबा अत्तर विकायचे. कुपीचं तोंड चिंचोळं का, हे मी प्लिनीकडून नाही, त्यांच्याकडून शिकलो : अत्तर उडू नये आणि फाया भिजवताना भळकन सांडू नये. रोमन कुपीची मानही तशीच लांब, अरुंद.

आणि काच? बी.एस्सी.ला असताना बर्नरवर नळीचं टोक वितळवून बंद केलं, दुसऱ्या टोकाने फुंकलं. लिंबाएवढा फुगा आला आणि अंगठा भाजला. डाग अजून आहे. जेरुसलेमच्या ज्यू वस्तीतल्या उत्खननात इ.स.पू. १ल्या शतकातला काचकामाचा कचरा निघाला, त्यात नेमक्या अशाच, टोकाशी फुगवलेल्या काचेच्या नळ्या आहेत. लोखंडी फुंकणी नंतरची. त्यांचे फोटो पाहिले तेव्हा माझा अंगठा चुरचुरला. तुमचा चुरचुरतो का?

अश्रूंचं थोडक्यात. 'माझी आसवं तुझ्या कुपीत भर' ही बायबलमधल्या ५६व्या स्तोत्रातली ओळ, तिच्यावरून लोकांनी कुपीत अश्रू साठवण्याची ही कल्पना रंगवली. कुप्यांत अवशेष सापडतात ते तेलाचे, सौंदर्यप्रसाधनांचे. उत्तर इटलीत पक्ष्याच्या आकाराच्या कुप्या मिळतात : पांढरी किंवा गुलाबी पूड भरायची आणि शेपटीचं टोक वितळवून बंद करायचं. शेपटी मोडल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही. तिच्यात रडायचं कसं, तेवढं सांगा.

राहिला प्लिनी. तो तसं म्हणतो, ठीक आहे. एका लेखात किती कोंबायचं?

'शेंबडं' वगैरे पुन्हा आलं तर प्रतिक्रिया उडवेन. नळीचा तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुण्यात असाल तर या, हातात देतो. जपून धरा मात्र.